मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को: विमानाचं अंतर कसं काढायचं?

आजच्या भागात दोन विमानतळांमधलं अंतर. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

ताई सॅन फ्रान्सिस्कोला असते. आई पहिल्यांदाच एकटी तिच्याकडे निघाली होती. "किती लांब आहे रे?" तिनं विचारलं. मी लगेच लॅपटॉप उघडला. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. सॅन फ्रान्सिस्को ३७.६२ उत्तर, १२२.३८ पश्चिम. फरक काढले, शाळेतला पायथागोरस लावला, एका अंशाला १११ किलोमीटर धरले. उत्तर आलं जवळपास २१,८०० किमी. ताशी ९०० किमीच्या वेगानं चोवीस तास! आई म्हणाली, "एवढं माझ्या गुडघ्यांना नाही जमायचं. तिकीट रद्द कर."

खरं तर आकडा बघूनच मला शंका यायला हवी होती. पृथ्वीचा घेर साधारण ४०,००० किमी. मग कुठलीही दोन ठिकाणं फार तर त्याच्या निम्मी, म्हणजे २०,००० किमीच्या आसपास लांब असू शकतात.

चुका दोन होत्या. रेखांशांतला फरक मी १९५ अंश धरला, म्हणजे लांबच्या बाजूनं वळसा. दुसऱ्या बाजूनं तो १६५च आहे. शिवाय रेखांशाचा एक अंश १११ किमी असतो तो फक्त विषुववृत्तावर. सॅन फ्रान्सिस्कोच्या अक्षांशावर तो ८८ किमीच भरतो.

गोलावर चालतं ते हॅवरसाइन सूत्र. असं करा:

१. सगळे अंश रेडियनमध्ये बदला. कोडमधली साइन-कोसाइन फंक्शन्स सहसा रेडियनच मागतात. इथे हमखास चूक होते.
२. अक्षांशांतल्या फरकाच्या निम्म्याचा साइन घ्या, वर्ग करा: ०.०२६.
३. रेखांशांतल्या फरकाचंही तसंच करा आणि दोन्ही अक्षांशांच्या कोसाइननं गुणा: ०.७३५. इथे १९५ घ्या की १६५, उत्तर तेच येतं.
४. बेरीज ०.७६१. तिचं वर्गमूळ, त्याचा व्यस्त साइन, मग दुप्पट: २.१२ रेडियन.
५. याला पृथ्वीच्या सरासरी त्रिज्येनं, ६,३७१ किमीनं गुणा. साधारण १३,५१० किमी!

पृथ्वी ध्रुवांपाशी थोडी चपटी असल्यामुळे यात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. आपल्या कामाला तो चालतो.

आईला हे सूत्रानं पटलं नसतं. म्हणून पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून दाखवला. दोरा पॅसिफिकवरून आडवा गेलाच नाही. तो सायबेरियावरून थेट आर्क्टिक महासागरात, सुमारे ७७ अंश उत्तरेपर्यंत चढला आणि मग खाली उतरला.

अर्थात, हे किमान अंतर झालं. वारे आणि बंद हवाई हद्दी यांमुळे विमान जास्त उडतं. २०२२ पासून अमेरिकन विमान कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही, त्यांना वळसा पडतो.

तरी चोवीसचे पंधरा-सोळा तास झाले. आई म्हणाली, "मधे मधे उठून चालेन मी." आणि गेली.

तुमच्या कोडमध्ये कधी २०,०००च्या बरंच वर उत्तर आलं, तर घरच्यांना सांगण्याआधी कोड तपासा. भेटूया पुढच्या भागात!