वर्तमानकाळ

सावेडीत, पाईपलाईन रोडवर बहिणीच्या घरी सकाळचे साडेनऊ वाजताहेत. खाली भाजीवाला ओरडतोय म्हणून भाची खिडकी लावून घेते. पुण्यातल्या तिच्या कंपनीची रोजची ऑनलाइन मीटिंग, स्टँडअप, सुरू होतेय. मी पलंगावर मेथी निवडत बसले आहे. आवाज करायचा नाही, एवढी एकच ताकीद मला आहे.

कॅमेरा बंद. पडद्यावरच्या चौकोनात अजून जन्माच्या वेळचं, मुलाचं नाव. ईमेलही त्याच नावाचा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या सहकारी मुलीला नवा ईमेल आठवड्यात मिळाला. हिचा अर्ज एचआरकडे चार महिने पडून आहे. स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली नाल्सा खटल्यात मान्य केला. २०१९च्या कायद्याने नोकरीतल्या भेदभावाला मनाई केली. चौकोन तसाच आहे.

टीम मराठीत बोलते. हिचा नंबर येतो.

"पेमेंटचा बग काल सोडवला. टेस्टिंग केलं. दुपारपर्यंत डिप्लॉय करेन."

मी जन्मभर मराठी शिकवलं आहे. सोडवला, केलं, करेन. बोलणारा पुरुष की बाई, हे यातलं एकही क्रियापद सांगत नाही. आलो-आले, गेलो-गेले तर ती वाटेलाच जात नाही. काल रात्री म्हणाली, "मावशी, 'करतो' तोंडातून निघत नाही. 'करते' म्हटलं तर कुणीतरी हसेल. म्हणून झालेलं सांगते, नाहीतर होणारं." दिवसाचे आठ-नऊ तास ही पोर वर्तमानकाळ टाळून नोकरी करते. ऐकून माझी झोप उडाली.

भीती उगाच नाही. लिन कॉनवे या संगणकतज्ज्ञ बाईंना त्या स्त्री म्हणून जगणार हे कळल्यावर आयबीएमने १९६८ साली काढून टाकलं. मधल्या काळात चिपरचनेच्या शास्त्रात त्यांनी मोठं काम उभं केलं. कंपनीची माफी आली २०२०मध्ये. बावन्न वर्षांनी!

"सर्व्हर परत डाऊन आहे," टीम लीडचा आवाज येतो. "आत्ता कोण बघतंय?"

कुणीच बोलत नाही. भाची म्यूट काढते. माझ्या हातातली काडी हातातच राहते.

"मी बघते."

दोन-तीन सेकंद नुसता पंख्याचा आवाज.

"ओके. बघ आणि कळव." लीड पुढच्या तिकिटाकडे वळतो.

स्वयंपाकघरात बहिणीने मिक्सर थांबवला आहे. भाची पुन्हा म्यूट करते, सर्व्हरचं लॉगिन उघडते. बोटं थरथरताहेत, पासवर्ड एकदा चुकतो.