स्पोर्ट्स मोटारीचा रेडिएटर घरच्या घरी

रेडिएटर हे नाव थोडे फसवे आहे. त्यावरून असे वाटावे की, हे उपकरण उष्णतेचे किरण चहूकडे फेकीत असावे. वस्तुतः किरणांच्या रूपाने बाहेर पडणारी उष्णता अल्पच. खरे काम करतो तो त्याच्या जाळीतून वाहणारा वारा. पेट्रोल जळताना निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश उष्णता इंजिनाभोवती खेळणारे पाणी उचलते आणि रेडिएटरमध्ये आणून वाऱ्याच्या स्वाधीन करते. विल्हेल्म मायबाख या जर्मन यंत्रज्ञाने 1900 साली मर्सिडीझ मोटारीसाठी मधाच्या पोळ्यासारखा जो रेडिएटर रचला, त्यात सहा मिलिमीटर रुंदीच्या 8,070 चौकोनी नळ्या होत्या. थोड्या पाण्यात पुष्कळ उष्णता वाहून नेता येऊ लागली, तेव्हा कोठे वेगवान मोटारींचा मार्ग मोकळा झाला.

अशाच एका वेगवान मोटारीचा रेडिएटर मालकाने स्वतः घरी बदलावयाचा झाल्यास काय करावे लागते, ते आपण पाहू. उदाहरणादाखल माझ्दा या जपानी कंपनीची एमएक्स-5 ही दोन आसनी उघडी मोटार घेऊ. 1989 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ती प्रथम लोकांपुढे आली, आणि 1997 पर्यंत तिची पहिली आवृत्ती चार लाखांहून अधिक संख्येने तयार झाली. त्यांतील पुष्कळ गाड्या ब्रिटन, अमेरिका व जपान येथील हौशी मालकांनी अजून जपल्या आहेत, आणि तिशी उलटलेल्या या गाड्यांचे रेडिएटर हे त्यांच्या चिंतेचे एक ठरलेले स्थान आहे.

त्याचे कारण असे. जुन्या काळी रेडिएटर तांब्यापितळेचे असत. गळती लागली की कारागीर डाख देऊन ती बुजवी. या गाडीतील रेडिएटरचा गाभा अ‍ॅल्युमिनियमचा आणि वरची टाकी प्लॅस्टिकची आहे. वर्षानुवर्षे उष्णता सोसून काळी टाकी हळूहळू तपकिरी, हिरवट दिसू लागते. रंग पालटला म्हणजे प्लॅस्टिक ठिसूळ झाले असे समजावे. तिला डाख चालत नाही; आणि ती फुटते ती बहुधा गाडी भर वेगात असताना, पाण्यावर पूर्ण दाब असताना. पाणी गेले की अ‍ॅल्युमिनियमचे सिलिंडर-हेड काही मिनिटांत वाकू शकते. मग दोनचार तासांच्या कामाऐवजी सारे इंजिन उघडण्याचा प्रसंग येतो. म्हणून तपकिरी टाकी गळेपर्यंत वाट पाहणे हा मला तरी खोटा काटकसरीपणा वाटतो.

नवा रेडिएटर आणताना गाडीला स्वयंचलित गिअर आहेत की हाताचे, ते आधी पाहावे. स्वयंचलित असल्यास त्याचे तेल थंड करणाऱ्या दोन नळ्याही रेडिएटरलाच जोडलेल्या असतात. त्याबरोबर रबरी होज, थर्मोस्टॅट आणि टोपण नवे घेणे बरे.

गरम इंजिनाचे टोपण मात्र कधीही उघडू नये. टोपणाच्या स्प्रिंगमुळे आतील दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे एका वातावरणाने वाढतो. त्या दाबाखाली पाणी 120 अंशांच्या आसपास उकळते. 110 अंशांचे पाणी आत शांत असते. टोपण निघताक्षणी त्याची वाफ होते आणि ती हातातोंडावर येते. सायंकाळी गाडी उभी करावी व सकाळी कामाला लागावे, हे उत्तम.

बॅटरी या गाडीत मागे, सामानाच्या कप्प्यात असते. तिची ऋण बाजूची तार सोडवावी, म्हणजे विजेचा पंखा अवचित फिरणार नाही. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता घोड्यांवर टेकवावी. खालचे आच्छादन काढून रेडिएटरच्या तळाची निचऱ्याची मळसूत्री गुडदी सोडवावी. ती प्लॅस्टिकची असते. जोर लावल्यास आटे जातात.

जे पाणी बाहेर येते, ते नुसते पाणी नव्हे. त्यात निम्मे एथिलीन ग्लायकॉल असते, आणि ते चवीला गोड असते. अंगणात सांडलेला घोटभर द्रव कुत्र्यामांजराने चाटला, तर त्याचे मूत्रपिंड निकामी होऊन ते दगावते. लहान मुलालाही धोका तोच. तेव्हा द्रव रुंद परातीत धरावा, लगेच झाकणाच्या डब्यात भरावा, सांडलेले धुऊन काढावे आणि जुना द्रव गटारात न ओतता टाकाऊ रसायने घेणाऱ्या केंद्राकडे द्यावा.

पुढचे काम खरोखर सोपे आहे. होजच्या क्लिपा पकडीने दाबून मागे सारावयाच्या, पंख्यांच्या तारांची जोडणी सोडवावयाची, वरचे बोल्ट काढावयाचे आणि रेडिएटर पंख्यांसह सरळ वर उचलावयाचा. होज चिकटून बसला असेल तर ओढू नये, पात्याने उभा चिरावा. नवा आपल्याजवळ आहेच. नवा रेडिएटर बसविताना त्याची खालची टोके रबरी गाद्यांत नीट बसली आहेत ना, हे हाताने चाचपावे.

आता खालच्या आच्छादनाविषयी. काम संपत आले की ते परत लावण्याचा कंटाळा येतो, आणि त्यावाचूनही गाडी चालते. पण या गाडीला मोठी दर्शनी जाळी नाही. बंपरखालच्या लहानशा तोंडातून वारा आत येतो. खालची बाजू उघडी राहिली तर तो रेडिएटरमधून न जाता खालून निसटतो, आणि नवा कोरा रेडिएटर असूनही भरधाव गाडी तापते. दोष मग बिचाऱ्या रेडिएटरला लागतो.

खरी कसोटी पाणी भरताना लागते. गाडीत एकंदर 6 लिटर द्रव मावतो, पण तळाची गुडदी काढल्याने तो सगळा निघत नाही. काही इंजिनातच राहतो. समजा, आतील भाग शुद्ध पाण्याने धुतला आणि 3.5 लिटर बाहेर आले. आत 2.5 लिटर निव्वळ पाणी उरले. त्यावर दुकानातील निम्मे-निम्मे तयार मिश्रण ओतले, तर ग्लायकॉल जेमतेम 1.75 लिटर जाते. म्हणजे तीस टक्क्यांहूनही कमी. कडाक्याच्या थंडीच्या देशात एवढे पुरणार नाही. त्याऐवजी अमिश्रित ग्लायकॉल 3 लिटर आधी ओतावे व उरलेली जागा ऊर्ध्वपातित पाण्याने भरावी. नळाच्या पाण्यातील क्षार बारीक नळ्यांत साचतात, म्हणून ते नको.

गाडीचे नाक चढावर ठेवावे, म्हणजे हवा वर टोपणाकडे येईल. हीटरची कळ पूर्ण गरमकडे करावी. द्रव सावकाश ओतावा. मग बॅटरीची तार जोडून, टोपण उघडे ठेवून, थंड इंजिन सुरू करावे. सुमारे 88 अंशांना थर्मोस्टॅट उघडतो. वरचा होज एकाएकी गरम लागतो, पातळी खाली जाते, बुडबुडे येतात. तोंड टोपणापासून दूर ठेवून वरचा होज जाड हातमोज्याने अधूनमधून दाबावा, द्रव भरीत जावे आणि बुडबुडे थांबल्यावर टोपण लावावे. आत अडकलेली हवा सिलिंडर-हेडजवळ वाफेचा फुगा धरून बसते. तेवढ्या जागी धातूला पाण्याचा स्पर्शच होत नाही, आणि काटा मात्र पुष्कळदा निर्धास्त दिसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड असताना, राखीव टाकीची पातळी पाहावी. ती किंचित उतरलेली असेल; रात्रीतून हवेची जागा द्रवाने घेतलेली असते. तेवढी भर घालावी, क्लिपांखाली कागद फिरवून ओल लागते का पाहावे. पातळी तिसऱ्या दिवशीही त्याच खुणेवर राहिली, की जुना रेडिएटर भंगारवाल्याला द्यावयास हरकत नाही.