व्हिएन्नाचे सौख्य: समज आणि वस्तुस्थिती

सुखी शहर म्हटले की रुंद रस्ते, गगनचुंबी इमारती आणि तुडुंब भरलेली तिजोरी एवढेच चित्र आपल्या सुशिक्षित समाजाच्या डोळ्यांपुढे उभे राहते. आणि राहण्यास उत्तम शहरांच्या एका ख्यातनाम जागतिक यादीत ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना २०२२ पासून २०२४ पर्यंत सलग तीन वर्षे पहिली आली हे कळले, म्हणजे राजवाड्यांचे, संगीताचे आणि संचित संपत्तीचे हे फळ असणार, असे म्हणून आपण मोकळे होतो.

वस्तुस्थिती अशी की, या शहराचे नित्याचे जीवन ज्या निर्णयांनी घडविले, ते ऐश्वर्याच्या नव्हे तर दैन्याच्या काळात घेतले गेले. पहिल्या महायुद्धात साम्राज्य लयास गेले तेव्हा येथील कामकरी वर्ग अंधाऱ्या खोल्यांत कोंबलेला होता. एकाच बिऱ्हाडात घरची माणसे आणि काही तासांपुरती खाट भाड्याने घेणारा परका मजूर, साऱ्या मजल्याला मिळून बाहेर एक नळ, आणि क्षय एवढा बोकाळलेला की लोक त्याला ‘व्हिएन्नाचा रोग’ असेच म्हणत. गिरणगावातील चाळीत वाढलेल्या वाचकास यातले पुष्कळसे ओळखीचे वाटेल. १९१९ च्या निवडणुकीत समाजवादी लोकशाही पक्षाच्या हाती नगराचा कारभार आला, १९२२ मध्ये शहरास स्वतंत्र प्रांताचा दर्जा मिळून कर बसविण्याचा अखत्यार प्राप्त झाला, आणि पुढच्याच वर्षी अर्थव्यवहार सांभाळणारे ह्यूगो ब्राइटनर यांनी गृहनिर्माण कर चढत्या श्रेणीने लागू करून त्याचा मोठा बोजा आलिशान मिळकतींवर टाकला. या वसुलीच्या बळावर १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे उभी राहिली. १९२० च्याच दशकात मुंबईत सरकारने बीडीडी चाळी बांधल्या खऱ्या, परंतु कुटुंबाच्या वाट्यास आली ती १६० चौरस फुटांची खोली आणि सामायिक शौचालय.

दाट वस्तीत सुख नांदत नाही, हा समजही तितकाच दृढ आहे. १९३० मध्ये पुरी झालेली ‘कार्ल मार्क्स होफ’ ही वसाहत किलोमीटरभर लांब असून तीत १,३८२ घरे होती; तरीही जमिनीचा जेमतेम पाचवा हिस्सा बांधकामाखाली गेला आणि उरलेला चौकांना, झाडांना, मुलांच्या खेळण्याला राहिला. घरे लहान, पण नळ आणि शौचकूप आत. आवारातच धुलाईघर, स्नानगृह, बालवाडी, वाचनालय आणि दंतचिकित्सालय. माणसाला दाटी जाचते ती मुख्यतः मोकळी हवा, पाणी आणि आडोसा यांच्या अभावी, असे माझे ठाम मत आहे.

नगरपालिकेची घरे म्हणजे केवळ दरिद्री लोकांची वस्ती, हेही येथे खरे नाही. उत्पन्नाची मर्यादा पुष्कळ वर ठेवलेली असल्यामुळे शिक्षक आणि कारकूनही तेथे राहतात, आणि मिळकत वाढली म्हणून कोणास बेदखल केले जात नाही; आज शहरातील सुमारे निम्मी लोकसंख्या पालिकेच्या वा अनुदानित घरांत राहते. रहिवाशांचा स्वभावच आनंदी असेल म्हणावे, तर व्हिएन्नाची माणसे कुरकुर करणारी म्हणून खुद्द ऑस्ट्रियात ओळखली जातात!

राहता राहिली बाग. फाटक सर्वांना उघडे म्हणजे बाग सर्वांची, असे आपण धरून चालतो. येथे १९९० च्या दशकात झालेल्या पाहणीत मात्र असे आढळले की नऊ-दहा वर्षांच्या पुढे मुली बागेत येईनाशा होतात. कारण एकच मोठे मैदान असले की ते दांडगट मुलांच्या ताब्यात जाते आणि मुली भांडत न बसता निघून जातात. तेव्हा १९९९ मध्ये मार्गारेटन भागातील दोन बागांची फेररचना झाली. पायवाटा आखल्या, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनची सोय केली, आणि झाडाझुडपांच्या योजनेने मोठ्या जागेचे लहान भाग पाडले. लवकरच निरनिराळे गट एकमेकांना न हुसकावता तीच जागा वापरू लागले, आणि यासाठी बागेला एक वावभरही जादा जमीन द्यावी लागली नाही.