आईला काय दुखत होतं?

रविवारी वंदना आटोपल्यावर आम्ही बायका विहारातच बसून राहिलो. विषय आयांचा निघाला. आईच्या हातची भाकरी, आईचा मार, शाळेसाठी तिने केलेली धडपड, सगळं बोलून झालं. मग एकीने विचारलं, "पण तुमच्या आयांना काय दुखत होतं, माहीत आहे का?" आम्ही गप्पच झालो.

एकीची आई पहाटे झाडूकामाला जायची आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायची. चक्कर आली की, "ऊन लागलं," म्हणायची. दुसरीच्या आईचं अंग बाहेर येत होतं. लेकीला ते कळलं कित्येक वर्षांनी. तिसरी म्हणाली, "आई सारखी खेकसायची. मला वाटायचं, हिचा माझ्यावर जीवच नाही. आता पाळी जायच्या वयात मीच रात्री घामाने भिजून उठते, लेकीवर ओरडते. तेव्हा कळतंय, तिला काय होत होतं."

आई बोलली नाही, याचा आम्हाला राग होता. पण विचारलं तरी कुणी होतं? तिने दुखणं गिळलं आणि आम्हीही गिळायला शिकलो. आता आमच्या लेकी आमच्याकडे बघून तेच शिकतात.

म्हणून आईला विचारायलाच हवं. त्यात आपल्याही तब्येतीची माहिती असते. आईला साखर, रक्तदाब किंवा स्तनाचा कर्करोग असेल, तर लेकीलाही धोका जास्त असतो. डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल, तर रक्त कमी आहे असं समजतात. पाळी साधारण 45 ते 55 या वयात जाते. ती वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त गेलं, तर थोडं असलं तरी लगेच दाखवावं. अंग बाहेर येण्यावरही व्यायाम, रिंग, ऑपरेशन असे उपचार आहेत. लाजण्यासारखं त्यात काही नाही. सुरुवात कुठून करायची हे कळत नसेल, तर वस्तीतल्या आशाताईंना विचारा.

त्या रविवारी आमच्यातली एक घरी गेली आणि तिने आईला विचारलं. आई आधी, "काही नाही गं," म्हणाली. रात्री भांडी घासताना मात्र हळूहळू सगळं सांगितलं. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन आठच्याही खाली निघालं. आता डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या चालू आहेत. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, हे लेक रोज आठवण करून देते.

आणि आता आई मागून जेवत नाही. दोघींची ताटं एकदमच वाढली जातात.