संगणकाच्या कोठींतील अडगळ

घरांतील संगणकावर एके दिवशीं 'डिस्कवर जागा शिल्लक नाहीं' अशी सूचना झळकते, आणि ती बहुधा नको त्याच वेळीं झळकते. मुलीचा महाविद्यालयाच्या प्रवेशाचा अर्ज अर्धवट राहिलेला असतो, मुदत सायंकाळीं संपावयाची असते, आणि घरांतील एखादा उत्साही तरुण 'विंडोज' नांवाच्या कप्प्यांत शिरून जी फाइल मोठी दिसेल ती पुसावयास निघतो. कोठींत जागा नाहीं म्हणून घराचा खांब उपटून काढावा, त्यांतलाच हा प्रकार होय.

असल्या उत्साहाला पहिला बळी पडतो तो 'विनएसएक्सएस' हा कप्पा. त्याचा आकार कित्येक गिगाबाइट दिसतो, आणि नांवावरून तर कांहींच बोध होत नाहीं. वस्तुतः विंडोजचे सर्व घटक येथेंच सांठविलेले असतात. सुधारणा आल्या म्हणजे नव्या घटकांबरोबर जुनेही कांहीं काळ येथेंच राहतात. शिवाय दिसणारा आकार फसवा असतो. ग्रंथालयाच्या सूचींत एकच पुस्तक दोन विषयांखालीं नोंदलेलें असावें, आणि सूची मोजणारानें पुस्तकें दोन समजावींत, तसें येथें घडतें. 'सिस्टिम ३२' या कप्प्यांत दिसणाऱ्या पुष्कळशा फाइली आणि विनएसएक्सएसमधील फाइली डिस्कवर एकच असतात. नोंदी मात्र दोन. त्यामुळें तेथील फाइली हातानें पुसल्यास जागा अपेक्षेइतकी मिळत नाहींच, उलट संगणक सुरू होण्याचें बंद पडूं शकतें.

येथील खरी अडगळ काढण्याची रीत निराळी आहे. 'डिस्क क्लीनअप' उघडावें, त्यांतील 'क्लीन अप सिस्टम फाइल्स' हें बटण दाबावें, आणि यादींत 'विंडोज अपडेट क्लीनअप' असेल तर त्यावर खूण करावी. कोणता जुना घटक आतां निरुपयोगी झाला, हें विंडोज स्वतः ठरवितें. या कामास बराच वेळ लागतो. मध्येंच वीज तोडूं नये. 'डिसम' नांवाच्या आज्ञेनेंही हें करतां येतें. परंतु तिला 'रीसेटबेस' हा शब्द जोडला कीं आधीं बसविलेल्या सुधारणा मागें घेतां येत नाहींत. घरगुती संगणकावर तो न जोडणेंच बरें.

'विंडोज डॉट ओल्ड' हा दुसरा मोठा ऐवज. विंडोजची नवी आवृत्ति चढविल्यावर जुनी व्यवस्था येथें जपून ठेवली जाते. विंडोज १० व ११ मध्यें जुन्या आवृत्तीकडे परतण्याची मुभा साधारणतः १० दिवस असते. नंतर हा कप्पा सहसा आपोआप नाहींसा होतो. राहिलाच तर वरच्याच यादींतून काढावा. मात्र त्यापूर्वीं त्यांतील 'यूजर्स' हा कप्पा अवश्य उघडून पाहावा. दुकानदारानें जुनी डिस्क न पुसतां विंडोज नव्यानें बसविलें असेल, तर घरच्या माणसांचे दस्तऐवज व छायाचित्रें तेथेंच अडकलेलीं असतात. आजोबांच्या पत्रांच्या प्रती एकदां तेथून गेल्या, कीं त्या 'रीसायकल बिन'मध्येंही सांपडत नाहींत.

'हायबरफिल' या फाइलीची गोष्ट वेगळी. संगणक गाढ झोपी जातांना स्मरणांतील सर्व मजकूर हिच्यांत उतरवून ठेवतो. विंडोज १० पासून तिचा आकार सामान्यतः स्मरणशक्तीच्या ४० टक्के असतो. म्हणजे १६ जीबी स्मरण असल्यास सुमारें ६ जीबी. प्रशासकाच्या अधिकारानें 'पॉवरसीएफजी' ही आज्ञा 'हायबरनेट ऑफ' या शब्दांसह दिली, कीं फाइल जाते. तिच्याबरोबर गाढ झोपेची आणि जलद सुरू होण्याची सोयही जाते. ज्या गांवीं वीज वारंवार जाते, तेथें लॅपटॉपची बॅटरी संपत आली असतां उघडें काम वांचविणारी ती सोय ६ जीबीसाठीं गमावणें फारसें शहाणपणाचें नव्हे. टेबलावरच्या संगणकाला ती बहुधा लागतच नाहीं.

'पेजफाइल' आणि 'इन्स्टॉलर' हा कप्पा यांच्या वाटेस जाऊं नये. पहिली स्मरण अपुरें पडल्यास उपयोगीं येते. दुसऱ्यावांचून कित्येक प्रोग्राम पुढें सुधारतां किंवा काढतां येत नाहींत.

राहिली 'डाउनलोड्स'ची गोष्ट. तात्पुरत्या फाइलींच्या यादींत हें नांवही आढळतें, आणि तेथें खूण केली तर त्या कप्प्यांतील सारें जातें. पुष्कळ घरीं परीक्षेचीं प्रवेशपत्रें, विम्याच्या पावत्या आणि डॉक्टरांचे अहवाल याच कप्प्यांत वर्षानुवर्षें पडून असतात. प्रवेशाचा अर्ज भरावयास बसलेल्या मुलीची गुणपत्रिकाही तेथेंच असण्याचा संभव अधिक. ती आधीं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावी, आणि मग खुणा कराव्या.