फोटोत फक्त कॉकपिट दिसतंय, मग विमान कुठलं ते कसं ओळखायचं?

कोरगाव : जुन्या ट्रंकेत एक फोटो सापडतो. कॉकपिटात बसलेला तरुण, समोर गोल गोल तबकड्या. पंख दिसत नाहीत, शेपटी दिसत नाही. मागं पेनानं लिहिलेलं, ‘1971’. आजोबा नौदलात होते, म्हणजे हे युद्धातलंच विमान, असं घरात ठरतं. फोटो फॅमिली ग्रुपवर फिरतो, पुढं एखाद्या स्मरणिकेत छापूनही येतो. चूक असली तर तीही छापली जाते.

तबकड्यांवरून ओळखायला गेलात तर फसाल. वेग, उंची, कृत्रिम क्षितिज ही यंत्रं जवळपास सगळ्याच विमानांत असतात. आधी बघा वैमानिकाची डावी बाजू. तिथं इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा थ्रॉटल असतो. त्याला लागून आणखी एक दांडा दिसला तर ते सी हॅरियर असण्याची शक्यता मोठी. या दांड्यानं इंजिनाच्या चार तोट्या वळायच्या, म्हणून हे विमान जागच्या जागी उतरायचं. दाबोळीला पहिली सी हॅरियर आली डिसेंबर 1983 मध्ये, निरोप मिळाला 2016 मध्ये. तेव्हा अशा फोटोमागं ‘1971’ असेल तर साल चुकलंय.

त्या युद्धात, 4 डिसेंबर 1971 रोजी, विक्रांतवरून कॉक्स बाजारवर हल्ला केला तो सी हॉकनी. हे एका माणसाचं जेट, तोट्यांचा दांडा त्यात नाहीच. विक्रांतवर आलिझेही होतं, पाणबुड्या शोधणारं, तिघांचं. त्यात पुढं दोघं शेजारी-शेजारी, तिसरा मागं. पण दोन सीट शेजारी दिसल्या म्हणून आलिझे ठरवू नका. व्हॅम्पायर टी-55 आणि किरण या प्रशिक्षणाच्या जेटमध्येही तशीच बैठक असते. पुढच्या काचेतून पंख्याची पाती दिसली तर मात्र ही दोन्ही बाद.

घरातला माणूस हवाई दलात असेल आणि फोटो रंगीत असेल तर काम सोपं. निळसर-हिरवा रंग आणि समोरच्या पॅनलवर मधोमध उभा पांढरा पट्टा म्हणजे बहुधा मिग-21. विमान गिरक्या घेत कोसळू लागलं तर दांडा मधोमध कुठं धरायचा, यासाठी तो पट्टा. अक्षरं इंग्रजी दिसली म्हणून रशियन विमान नाही असं समजू नका. दांड्याच्या टोकाला गोल कडं दिसलं तर आणखी मागं जायचं, स्पिटफायर-हरिकेनच्या काळात.

एक फसगत नेहमीची. निगेटिव्ह उलटी ठेवून छापली की डावं उजवीकडं जातं. आधी तबकड्यांवरचे आकडे सरळ आहेत का ते बघा. दुसरं, निवृत्त विमानांतली यंत्रं बऱ्याचदा काढून घेतलेली असतात. तेव्हा रिकाम्या भोकांपेक्षा काचेची चौकट आणि सीटची मांडणी जास्त खरं सांगते.

ताडून बघायला लांब जायला नको. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक, आलिझे, व्हॅम्पायर, सी हॅरियर सगळी उभी आहेत. पेडण्याहून दिवसाभराचं काम. जाताना फोटोची प्रत न्या, मूळ फोटो घरीच ठेवा, आणि मागचं अक्षरही स्कॅन करून ठेवा. साल चुकलेलं असलं तरी ते अक्षर आजोबांचं आहे.