टायरची चकाकी आणि टायरची तब्येत

रिक्षा, टॅक्सी, टेम्पो चालवून संसार करणारे आपल्यात पुष्कळ आहेत. कुणी साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. कुणी भल्या पहाटे सोसायटीतल्या गाड्या धुतो आणि मग दुसऱ्या कामावर जातो. काही घरांपुढे आता हप्त्यावर घेतलेली जुनी-नवी गाडीही उभी असते. या सर्वांना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक आहे. गाडी कितीही धुतली-पुसली, तरी टायर मळकट राहिले तर ती धुतल्यासारखी वाटतच नाही. म्हणूनच टायर काळे करणाऱ्या बाटल्या आणि फवारे दुकानातून भरपूर खपतात. ज्यांना ते परवडत नाही, ते रॉकेल, डिझेल, नाहीतर इंजिनातून काढलेले जुने ऑईल फासून वेळ मारून नेतात.

टायर काळा दिसणे वेगळे आणि टायर धड असणे वेगळे. पहिल्याच्या नादात दुसरे विसरले, तर गाठ जिवाशी असते. टायर स्वच्छ व काळा कसा ठेवावा, आणि तो धुता धुता काय पाहावे, हे आज समजून घेऊ.

टायर काळा कशामुळे?

रबराच्या झाडाचा चीक दुधासारखा पांढरा असतो. त्याचे रबरही फिकट रंगाचेच होते. हवेचा टायर १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप यांनी प्रचारात आणला, तेव्हा टायर काळे नव्हते. मिशेलिन या फ्रेंच कंपनीचे चिन्ह म्हणजे एकावर एक टायर रचून केलेला माणूस. तो १८९८ सालचा आणि म्हणूनच पांढरा आहे.

पुढे रबरात कार्बन ब्लॅक मिसळले, तर टायर कितीतरी अधिक टिकतो असे आढळले, आणि १९१० नंतरच्या दशकात काळे टायर रूढ होत गेले. कार्बन ब्लॅक म्हणजे तेल अपुऱ्या हवेत जाळून धरलेली अतिशय बारीक काजळी. कंदिलाच्या काचेवर धरते त्याच जातीची. टायरच्या वजनात तिचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा असतो. ही काजळी रबराला बळकटी देते, झीज कमी करते आणि उन्हाच्या माऱ्यापासून त्याचे रक्षण करते.

याचा अर्थ असा, की टायरचा काळा रंग वरून लावलेला नाही. तो रबरात आतपर्यंत मुरलेला आहे. साबणपाण्याने धुतल्याने तो जात नाही. मळ निघाला की मूळचा काळा रंग आपोआप दिसतो.

मग टायर तांबूस का पडतो?

एक कारण म्हणजे रस्त्याची धूळ आणि चिखल. दुसरे म्हणजे ब्रेक लावताना झिजून उडणारी बारीक भुकटी, जी डिस्कवर आणि टायरवर चिकटून बसते. तिसरे कारण फारसे कुणाला माहीत नसते. हवेतल्या ओझोन वायूमुळे रबराला भेगा पडतात. त्या पडू नयेत म्हणून कारखान्यातच रबरात मेण आणि काही रसायने घातलेली असतात. चाक फिरते, रबर दबते-ताणते, तशी ही रसायने हळूहळू बाहेरच्या अंगावर येतात आणि ओझोनशी संयोग होऊन तपकिरी पडतात. तेव्हा नव्या टायरवरही तांबूस छटा आली, तर दुकानदाराने फसवले असे समजू नये. टायर आपले संरक्षण आपणच करीत असतो.

धुण्याची साधी पद्धत

हे काम आठवड्यातून एकदा, नाहीतर पंधरवड्यातून एकदा केले तरी पुरते. गाडी सावलीत उभी करावी आणि टायर थंड होऊ द्यावेत. तापलेल्या टायरवर साबण लगेच वाळून डाग धरतो.

सामान थोडेच लागते. एक बादली, भांडी घासायचा पातळ साबण किंवा गाडीचा शाम्पू दोन चमचे, प्लॅस्टिकच्या मध्यम कडक केसांचा ब्रश, आणि जुन्या सुती कापडाचे दोन तुकडे. टायरचा ब्रश आणि फडके गाडीच्या अंगाला कधीही लावू नये. ब्रेकच्या भुकटीचे कण त्यात अडकतात आणि रंगावर चरे पाडतात.

प्रथम पाणी मारून चिखल सोडवावा. नंतर अर्ध्या बादलीत साबण कालवून, एका वेळी एकच चाक घेऊन, ब्रश गोलाकार फिरवीत टायरची बाजू घासावी. अक्षरे उठलेली असतात तिथे मळ जास्त बसतो. पहिला फेस तपकिरी येईल. पाणी मारून पुन्हा घासावे. फेस पांढरा राहू लागला, की टायर स्वच्छ झाला असे समजावे. फार दिवस न धुतलेल्या टायरला तीनचार वेळा घासावे लागते. मग स्वच्छ पाण्याने धुऊन कापडाने कोरडा करावा. धुतल्यावर गाडी बाहेर काढताना सावकाश चालवून दोनचार वेळा ब्रेक दाबावा, म्हणजे ब्रेकमधले पाणी निघून जाते.

तारेचा ब्रश वापरू नये, त्याने रबर खरवडते. संडास साफ करायचे ॲसिड तर टायरच्या आसपासही नेऊ नये. त्याने डिस्क खराब होते आणि हातही भाजतात.

वरून काही लावायचे का?

लावलेच पाहिजे असे नाही. धुतलेला टायर मंद काळा दिसतो, आणि तेच त्याचे खरे रूप आहे. तरी लग्नकार्यासाठी किंवा गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी चमक हवी असेल, तर पाण्यात बनवलेले टायर पॉलिश घ्यावे. ते बहुधा दुधासारखे पातळ असते. पेट्रोलजन्य द्रावणात बनवलेले पॉलिश अधिक चमकते, पण ते सतत लावत राहणे रबराला चांगले नाही. शिवाय गाडी चालू झाली की त्याचे शिंतोडे रंगावर उडतात.

कमी खर्चाचा उपाय म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारे ग्लिसरीन. एक भाग ग्लिसरीन आणि एक-दोन भाग पाणी मिसळून स्पंजने पातळ पुसावे. रबराला त्याचा अपाय नाही. पावसात ते धुऊन जाते आणि त्यावर थोडी धूळ बसते, एवढाच तोटा.

काहीही लावले तरी ते टायरच्या बाजूलाच लावावे. दहापंधरा मिनिटांनी कोरड्या कापडाने जादा अंश पुसून घ्यावा. जमिनीला टेकणाऱ्या नक्षीवर एक थेंबही जाऊ देऊ नये, कारण गाडी रस्त्याला धरून असते ती तेवढ्याच भागामुळे. ब्रेकच्या चकतीवरही ते उडू देऊ नये. मोटारसायकल आणि स्कूटरच्या टायरला तर असली पॉलिशे मुळीच लावू नयेत. वळणावर दुचाकी कलते तेव्हा टायरची कडच रस्त्याला टेकते. ती निसरडी असली तर माणूस खाली आलाच.

रॉकेल, डिझेल, जुने ऑईल

टायर यांनी क्षणभर काळाकुळकुळीत दिसतो, म्हणून ही सवय सुटत नाही. पण ही तेले रबरात मुरतात. रबर फुगते, मऊ पडते आणि लवकर निकामी होते. त्यावर धूळ इतकी चिकटते, की दोन दिवसांत टायर आधीहून घाण दिसतो.

त्याहून वाईट परिणाम हातांवर होतो. रॉकेल-डिझेलने कातडीतला ओलावा जातो, भेगा पडतात, खाज सुटते. इंजिनातून काढलेल्या जुन्या ऑईलमध्ये कर्करोग होऊ शकेल अशी द्रव्ये असतात. रोज दहापंधरा गाड्या धुणाऱ्या माणसाचे हात वर्षानुवर्षे त्यात बुडत राहिले, तर त्याची किंमत मालक देत नाही, त्या माणसाचे घर देते. म्हणून मालकाने टायर चमकवायला सांगितले, तर ब्रश, साबण आणि रबरी हातमोजे यांचा खर्च त्याच्याकडे मागावा. कामाचे साहित्य मागण्यात लाज कसली? चारही टायर घासून धुणे हे रोजच्या पुसण्याहून वेगळे काम आहे. त्याचे पैसेही आधीच वेगळे ठरवून घ्यावेत.

धुता धुता पाहावे

गाडी धुणारा हा त्या गाडीचा पहिला तपासनीस असतो. चाकापाशी उकिडवा बसून टायरकडे इतक्या जवळून तोच पाहतो. टायर स्वच्छ झाला की पुढील गोष्टी नजरेखालून घालाव्यात.

बाजूला फुगा आला आहे काय? असल्यास आतले धागे तुटले आहेत. हा टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. बाजूला भेगा किंवा चीर आहे काय? नक्षीत खिळा, काच अडकली आहे काय? खिळा दिसल्यास तो जागेवरच उपटू नये, पंक्चरवाल्याकडे जावे.

नक्षी किती उरली तेही पाहावे. नक्षीच्या खोबणीत जागोजागी रबराचे लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली. मोटारीसाठी ही शेवटची मर्यादा आहे. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहते आहे. मधला भाग झिजला असेल तर हवा जास्त आहे. एकच कड झिजली असेल तर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. हवा टायर थंड असतानाच तपासावी. किती भरायची ते बहुतेक मोटारींत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेले असते.

कमी हवेचा किंवा जीर्ण टायर वेगात तापतो आणि फुटतो. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, आणि टायर फुटून होणाऱ्या अपघातांची चर्चा राज्यभर झाली. २०२३ मध्ये परिवहन विभागाला त्या मार्गावर गाड्यांचे टायर तपासावे लागले. गावाकडच्या रस्त्यावर जो टायर कसाबसा चालून जातो, तो अशा रस्त्यावर दगा देतो.

काळ्या रंगाला भुलू नये

जुनी गाडी किंवा जुना टायर विकत घेताना ही माहिती विशेष उपयोगी पडते. जीर्ण टायरला पॉलिश मारून तो नव्यासारखा दाखवणे अगदी सोपे आहे. तेव्हा ओले फडके सोबत न्यावे आणि टायरची बाजू घासून पाहावी. चकाकी निघाली की भेगा उघड्या पडतात. मग टायरवरचा चार आकडी शिक्का शोधावा. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. २३१९ असे असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. शिक्का तीनच आकडी असेल, तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे. त्याला हातही लावू नये. पाच वर्षांपुढच्या टायरची दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करावी आणि दहा वर्षांपुढचा टायर नक्षी शाबूत असली तरी वापरू नये, असा अनेक टायर कंपन्यांचा सल्ला असतो.

लग्नाला किंवा गावी जायला भाड्याची जीप ठरवतो, तेव्हा आपण भाड्यावरून घासाघीस करतो. तितकाच वेळ चारही चाकांभोवती एक फेरी मारायला द्यावा, आणि पाचवी स्टेपनीही पाहावी. घरातल्या बायकांनी आणि शाळकरी मुलांनीही ही पाहणी शिकून घ्यावी. तिला पैसे लागत नाहीत, आणि त्या गाडीत बसणारी माणसे आपलीच असतात.